घर ओढायचा खेळ

आज फळा कोराच ठेवला.
टेबलावर ओतलं सगळं:
बिस्किटांची खोकी, बटाट्याच्या पोत्याचा काठ,
गेल्या साली भिंतीवर असलेलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक,
उसवलेल्या स्वेटरची लोकर,
आणि ओर्लान्दोच्या बापाचा फाटका नारिंगी रेनकोट,
ज्याला अजून शिंपल्यांचा वास होता.

लेमुय बेटावरची शाळा. पोरं सात.
पिठाची खळ मी सकाळीच शिजवली होती,
ती गार होईपर्यंत दोघांनी चाटून पाहिली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते,
आमच्याकडे घरं चालतात.
जमीन बदलली तरी माणूस घर मागे टाकत नाही.
खाली ओंडके सरकवतात, पुढे बैल जुंपतात,
अख्खं गाव दोराला लागतं
आणि घर निघतं, पडद्यांसकट.
कधी कधी तर पाण्यातून.
संध्याकाळी घरधनी सगळ्यांना पोटभर वाढतो.
ह्याला मिंगा म्हणतात.

तेव्हा पुठ्ठ्यावर घर चिकटवायचं,
खोक्यांचे तुकडे कापून भिंतीवर लाकडी खवले लावायचे,
वरचा खालच्यावर थोडा चढलेला, नाहीतर गळतं.
("कागदाचं घर कसं गळेल?" माइतेने विचारलं.
तिने बाजूची बादली पाहिली
आणि स्वतःच गप्प झाली.)
चार कोपऱ्यांना चार लोकरी,
खाली ओंडक्यांच्या जागी गोल पेन्सिली.
फाशावर पडेल तितक्या विती ओढायचं.
एकट्याने ओढलं तर बाद.
खवला पडला तर थांबा, खळ लावा,
फुंकर मारा, मग पुढे.

एलिसेओ पाच वर्षांचा.
बाकी सगळ्या खेळांत लिंबूटिंबू,
पळतो खरा, पण कुणी धरत नाही.
आज मात्र मागे सुटलेली पेन्सिल उचलून
पुढे आणून ठेवायचं काम त्याचं.
तो शिंकला की घर थांबायचं.
हे लक्षात आल्यावर तो पुष्कळदा शिंकला.

यास्नाचं घर सर्वांत शेवटी झालं.
भिंती वेळापत्रकाच्या:
मंगळवार, ओहोटी, ०.४ मीटर.
छप्पर नारिंगी. दार आहे. खिडकी नाही.
मी खिडकीबद्दल बोलले नाही.
तिची आई मार्चपासून पुन्ता अरेनासला, खेकड्यांच्या कारखान्यात.

फासा पडला. सहा. पुन्हा सहा.
टेबल संपलं.
"अजून तिथे पोचलं नाही," यास्ना म्हणाली.
तिथे म्हणजे कुठे, कुणीच विचारलं नाही.
ओर्लान्दोने दुसरं टेबल ढकलून लावलं.
मग बाकं.
मग फळी टेकवून घर जमिनीवर उतरवलं,
आणि त्या उतारावर चौघांनी उलटं ओढून धरलं,
जसे खरे बैल धरतात.
हे मी शिकवलं नव्हतं.

एक भिंत फाटली, बरोबर बुधवारावर.
पोत्याचं ठिगळ बसलं तिथे.
दोघं भांडली, एकाने रडीचा डाव म्हणून लोकर सोडली,
घर वाकडं फिरलं,
तो मुकाट्याने परत आला आणि त्याने लोकर धरली.

घंटा झाली तेव्हा घर व्हरांड्यात,
पुसायच्या बादलीच्या अलीकडे.
"उद्या इथूनच," एलिसेओने बजावलं
आणि एक ओली पेन्सिल पहारा म्हणून आडवी ठेवली.
टेबलावरची खळ मी खरवडली.
जेवणाचं कुणी काही काढलं नाही,
म्हणून उरलेली बिस्किटं मीच वाटली,
घरधनीण नसताना.

सकाळी पाहते तो व्हरांडा लख्ख झाडलेला,
फक्त घराभोवती चौकोनी धूळ राखलेली.
तीही एक वीत मागे.
घर पुढे सरकलेलं,
शेजारी फासा, वर एक ठिपका.

झाडणाऱ्या दोन्या एर्मेलिंदा
कोट चढवून निघाल्या होत्या.
मी त्यांना विचारलं नाही
की बाकीच्या तीन लोकरी कुणी धरल्या होत्या.